आज काय भाजी?

यामिनी तावदारे महिनाभराच्या रजेवरून कामावर आली ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच. लेकीचं बाळंतपण नीट पार पडलं होतं, नात गुटगुटीत होती, आणि नियंत्रण कक्षातल्या मंडळींचं तोंड गोड केल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. डबा टेबलावर ठेवून ती खुर्चीत टेकते न टेकते तोच समोरच्या काळ्या पडद्यावर प्रश्न उमटला.

माळेवाडी. आज काय भाजी?

सवयीने तिचा हात फोनकडे गेला. तो पोचायच्या आत प्रश्नापुढे अक्षरं उमटली: पावटा. खाली हिरवी ओळ आली, 'उत्तर बरोबर, दरवाजा उघडत आहे', आणि तिकडे डोंगरात धरणाचा दरवाजा हलून पाणी नदीत उतरायला लागलं.

यामिनीने कीबोर्डकडे पाहिलं. त्याला कुणीही हात लावलेला नव्हता. माळेवाडीला कुणी फोनही केलेला नव्हता. मग पावटा सांगितला कुणी?

हा प्रश्न तिचा स्वतःचा होता, तिनेच लिहिलेला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती या कंपनीत नवी लागली, तेव्हाच राज्यभर सौर पॅनेलं इतकी झाली होती की दुपारी वीज फुकट द्यायची पाळी येई. त्या फुकट विजेवर खालचं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं, आणि सूर्य कलला, विजेचा भाव चढला की तेच पाणी सोडून वीज करायची, असा हा धंदा. त्यामुळे शिरवंती नदीला आता उन्हाळा-पावसाळा राहिला नव्हता. तिला बाजार होता. भरमाघात कोरड्या वाळूत माणूस उभा असावा आणि पाव तासात त्याच्या छातीला पाणी लागावं, असे दिवस आले होते.

दरवाजे उघडायचं काम एक स्क्रिप्ट करी. स्क्रिप्ट म्हणजे काही जादूटोणा नव्हे. यंत्राने एकामागून एक करायच्या कामांची लेखी आज्ञावली. ती सुरू झाली की धडाधड खाली जाते, कुणासाठी थांबत नाही. थांबते फक्त एका ठिकाणी, प्रॉम्प्टपाशी. तिथे ती माणसाला काहीतरी विचारते आणि माणूस उत्तर टाइप करेपर्यंत मुकाट उभी राहते. जुन्या स्क्रिप्टमध्ये असा एकच प्रॉम्प्ट होता: 'खात्री आहे? असल्यास वाय दाबा.'

लोक वाय दाबत. प्रश्न वाचून नव्हे, प्रश्न यायच्याही आधी. एका दुपारी असाच वाय दाबला गेला आणि दोन म्हशी वाहून गेल्या, त्यांच्यामागे धावलेला त्यांचा मालकही गेला. वाय दाबणारा माणूस काही राक्षस नव्हता. त्याच्या बोटाला उत्तर पाठ झालं होतं, एवढंच. यामिनी तेव्हा आठवडाभर धुमसत होती, आणि त्या रागातच तिने 'विचारा' नावाचं एक छोटं फंक्शन लिहिलं.

त्यातली कल्पना साधी होती. ज्याचं उत्तर पाठ होऊच शकत नाही, असा प्रश्न विचारायचा. नदीकाठच्या प्रत्येक गावात एक बाई नेमायची. तिने सकाळी आपल्या फोनला आज घरी काय भाजी आहे ते सांगायचं. तो शब्द कुलूपबंद राहील, बेत बदलला तर तिला तो बदलताही येईल. पाणी सोडायची वेळ झाली की स्क्रिप्ट ऑपरेटरला विचारणार, अमक्या गावात आज काय भाजी? उत्तर मिळवायला एकच वाट, त्या बाईला फोन. ती बाई घाटावर जाऊन नदी बघणार, वाळूत असतील त्यांना हाका मारून वर काढणार आणि मगच सांगणार, 'सोडा आता, आज घेवडा हाय.' तीनदा उत्तर चुकलं तर दरवाजाला कुलूप. मग कुणीतरी धरणावर प्रत्यक्ष जाऊन किल्ली फिरवली तरच ते निघायचं.

फंक्शनची मजा अशी की ते एकदा लिहायचं आणि लागेल तिथून त्याला हाक मारायची. यामिनीचं 'विचारा' आधी एका दरवाजाने वापरलं, मग सगळ्या दरवाजांनी, मग शेजारच्या खोऱ्यांनी. दर वेळी फक्त गावाचं नाव बदलायचं. आता नदीकाठच्या एकोणीस गावांत एकोणीस बाया होत्या, आणि कक्षात 'सगळं ठीक ना?' याऐवजी 'भाजी विचारली का?' असंच म्हणायची पद्धत पडली होती.

आणि आता भाजी विचारायच्या आधीच कुणीतरी सांगत होतं.

निरंजन भाटवडेकर काचेच्या केबिनमधून हसत बाहेर आला. एके काळी दोघं शेजारी बसून कोड लिहीत, एकमेकांच्या डब्यातलं खात. आता तो साहेब झाला होता, पण यामिनीशी त्याचं अरेतुरे टिकून होतं.

"आजी झालीस म्हणे! लाडू कुठायत?"

"लाडू राहू दे. हे उत्तर कुणी टाइप केलं?"

"उत्तरकाने," तो आपल्याच लेकराचं कौतुक सांगावं तसा म्हणाला. "तू रजेवर गेलीस त्या आठवड्यात बसवला. पंधरा वर्षांची सगळी उत्तरं त्याला शिकवली. ऋतू, बाजाराचा वार, एकादशी, मंडईतले भाव, सगळं बघून तो त्या घरी आज काय शिजलं असेल ते ओळखतो. पहिल्या फटक्यात नाही तर दुसऱ्या फटक्यात. महिन्याभरात एकदाही कुलूप लागलं नाही."

"आणि फोन?"

"कशाला फोन? फोनात वेळ जातो, यामिनी. त्या बाया आधी घाटावर जातात, मग गुडघेदुखी सांगतात, मग भाजी. तेवढ्यात संध्याकाळचा भाव उतरतो. आणि हे बघ, तुझ्या कोडला आम्ही बोटसुद्धा लावलेलं नाही. प्रश्न तुझाच आहे, तसाच विचारला जातो. फक्त उत्तर द्यायला माणूस बसवायचा तिथे यंत्र बसवलंय."

यामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते ती डोळ्यांनी बघत होती.

"निरंजन, त्या भाजीचं काय लोणचं घालायचंय मला? मला भाजी कधीच नको होती! मला तो फोन हवा होता. ती बाई नदीकडे एकदा बघेल, एवढंच हवं होतं. उत्तर कळलं म्हणजे विचारलं असं होतं का रे?"

"उत्तर चुकलं तर दरवाजा उघडतच नाही. मग धोका कुठे आहे, सांग बरं? शिवाय पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतोच."

"भोंगा! दिवसातून चारदा वाजतो तो. गावातली कुत्रीसुद्धा कान हलवत नाहीत आता."

"तू दमून आलीयस," निरंजन म्हणाला आणि डब्यातला एक लाडू उचलून केबिनमध्ये गेला. राग यावा तर असा यावा की समोरच्याला तो दिसावा तरी. याला तोही दिसत नव्हता.

यामिनीने कीबोर्ड ओढून पाहिला. पडद्यावर 'फक्त पाहण्याची परवानगी' अशी पट्टी आली. रजेवर असताना तिच्या बोटांचा अधिकारही काढून घेतला होता.

ती पुढची यादी बघत बसली. उत्तरक प्रत्येक गावापुढे आपला अंदाज आणि खात्री किती ते आधीच मांडून ठेवी. घेवडा, सत्तर टक्के. मेथी, साठ. झुणका, ऐंशी. आणि संध्याकाळच्या सगळ्यात मोठ्या विसर्गापुढे वेळूघाट. अंबाडी, शंभर टक्के.

वेळूघाट म्हणजे ताराक्का मळगे. पंधरा वर्षं रोज फोनवर बोललेली बाई. यामिनीला तिच्या सुनेचे रुसवे ठाऊक होते, आणि तिला यामिनीच्या नवऱ्याचा रक्तदाब.

शंभर टक्के कसे? चुलीवरच्या भाजीबद्दल शंभर टक्के घरच्या माणसालाही सांगता येत नाही. बाजारात वांगी स्वस्त मिळाली की बेत बदलतो, पाहुणा आला की बदलतो. शंभर टक्के होईल ते फक्त गावातल्या प्रत्येक घरी तीच भाजी शिजणं ठरलेलं असेल तेव्हाच.

आज मंगळवार. माघातला शेवटचा मंगळवार.

यामिनी उठून उभी राहिली. डोहाईची जत्रा! वेळूघाटच्या नदीत जिथे एके काळी डोह होता तिथे वाळूतच देवीचा दगड होता, आणि या दिवशी सगळं गाव, लेकी, जावई, पाहुणेरावळे, वाळूत दगडांच्या चुली मांडून तिथेच नैवेद्य शिजवत. कण्या आणि अंबाडीची भाजी. दुसरं काही चालतच नसे. दर वर्षी ताराक्का फोनवर सांगायची, 'आज दिवस मावळंस्तवर सोडू नगासा, डोहाई हाय,' आणि दर वर्षी विसर्ग रात्री होई. पण ते बोलणं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेली होती फक्त भाजी. यंत्राला पंधरा जत्रांमधून एकच गोष्ट कळली होती, की या दिवशी अंबाडी असते. ज्या दिवशी नदीत सगळ्यात जास्त माणसं, त्याच दिवशी त्याची खात्री सगळ्यात पक्की.

ती केबिनचं दार न वाजवता आत घुसली. "वेळूघाट थांबव. नदीत जत्रा आहे."

निरंजनने कॅलेंडर उघडलं. "यात नाही."

"नसेलच! ती सरकारी सुट्टी नाहीये. थांबव."

"संध्याकाळची वीज कालच विकलीय. थांबवायचं तर पुण्याहून मंजुरी लागते. मी मेल टाकतो."

"मेल टाकतो? निरंजन, पोरंबाळं आहेत वाळूत!"

"म्हणूनच टाकतोय ना," तो दुखावल्यासारखा म्हणाला आणि खरोखर मेल लिहायला बसला. सुरुवातीला 'आदरणीय' लिहावं की 'प्रिय', यावर तो क्षणभर अडला. यामिनीला त्या क्षणी त्याचा लॅपटॉप उचलून त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

तिने ताराक्काला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. खिडकीबाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं, आणि पडद्यावरच्या भावाचा आकडा चढत होता. कितव्या खेपेला कोण जाणे, फोन उचलला गेला. मागे हलग्या कडाडत होत्या.

"आज आठवण झाली व्हय?" ताराक्काचा आवाज कोरडा होता. "म्हैना झाला, फोन न्हाई. माझं काय चुकलं म्हनून मी रोज फोन घिऊन घाटावर जाऊन बसती. पानी आपलं आपलं येतंय. तुमास्नी राग आलाय तर तोंडावर सांगायचं हुतं, ताई."

"अक्का, राग नाही, मी रजेवर होते. ते नंतर. आत्ता पाणी सुटणार आहे. सगळ्यांना वर काढा!"

"आत्ता? निवद चुलीवर हाय की. हजार मानूस हाय हितं. हलग्यांत मलाच माझं ऐकू येईना, कुणाला वर काढू?"

"मग भाजी बदला! फोनला सांगा की आज अंबाडी नाही, वांगं आहे. काहीही सांगा. यंत्राचं उत्तर चुकलं की दरवाजा बंद राहील."

पलीकडे हलग्यांचा ठेका चढला.

"डोहाईम्होरं हुबी हाय मी," ताराक्का म्हणाली. "चुलीवर अंबाडी रटरटतीया. वांगं म्हनून खोटं सांगू? निवदाचं खोटं बोलल्यालं हितं कुनाला पचलं न्हाई, ताई. आमच्या सासूची वाचा गेल्ती."

"अक्का, वाचेचं काय घेऊन बसलात! जीव जातील!" यामिनी अख्ख्या कक्षाला ऐकू जाईल अशी ओरडली. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला निरंजनचा राग आला, यंत्राचा आला, डोहाईचा आला आणि या हट्टी म्हातारीचाही आला. "तुमची नातवंडं कुठायत आत्ता?"

"नदीत खेळत्यात."

काहीतरी धातूचं दाणकन आपटलं. एक बाई किंचाळली, "आत्याबाई! निवद!" हलग्या एकेक करून थांबल्या, आणि त्या शांततेत ताराक्का फोनला सांगताना स्वच्छ ऐकू आली, "आज भाजी न्हाई. काय बी न्हाई. सांडली."

तिने रटरटतं पातेलं लाथेने वाळूत उलथवलं होतं. खोटं न बोलता उत्तर बदलायची तिला दिसलेली ती एकच वाट होती.

इकडे पडद्यावर वेळ झाली. 'वेळूघाट. आज काय भाजी?' उत्तरकाने शंभर टक्के खात्रीने लिहिलं, अंबाडी. चूक. अंबाडीची भाजी. चूक. मग तो जरा थांबला, यंत्र थांबतं तेवढाच, आणि लिहिलं, कण्या. चूक. लाल ओळ आली, 'बरोबर उत्तर: भाजी नाही', आणि दरवाजाला कुलूप लागलं.

निरंजन केबिनमधून धावत आला. "काय केलंस तू?" मग पडद्याकडे बघून त्याचा चेहरा निवळला. "पण बघ, यंत्रणा चालली ना? चुकलं तर कुलूप लागतं, मी तेच म्हणत होतो. उद्या किल्ली फिरवून घेऊ. आणि 'भाजी नाही' हेही एक उत्तर असतं ते त्याला शिकवून ठेवू."

यामिनीने पर्स उचलली आणि ती कक्षाबाहेर पडली. त्याच्याशी भांडत बसली असती तर नोकरी तिथेच गेली असती, आणि तिला आधी वेळूघाट गाठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळूघाटला पोचली. कौतुक राहिलं बाजूला, गावाने ताराक्काला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. देवीचा निवद लाथाडला म्हणून सून माहेरच्या पाहुण्यांसमोर ढसाढसा रडली होती, पुजाऱ्याने पुढची जत्रा येईपर्यंत मळग्यांच्या घरचं काही घ्यायचं नाही असं सांगितलं होतं, आणि खराडे सरपंच देवळाच्या पायरीवर बसून न्यायनिवाडा करत होते.

"पानी येनार, पानी येनार म्हनून निवद सांडला," सरपंच यामिनीला म्हणाले. "आलं का पानी? टिपूस तरी आला?"

"तिने सांडला म्हणून आलं नाही, सरपंच!"

"ते तुमी म्हनताय."

आलेलं पाणी दाखवता येतं. न आलेलं कुणाला आणि कसं दाखवायचं? गावासमोर ताराक्का खोटी ठरली होती, कंपनीसमोर यंत्र खरं ठरलं होतं, आणि दोन्ही निकाल एकाच कोरड्या वाळूने दिले होते. आज जत्रेचा दुसरा दिवस, कुस्त्यांचं मैदान. आखाड्यासाठी त्याच वाळूत तांबडी माती पसरून ठेवली होती. संध्याकाळचा विसर्ग आजही होता; धरणावर किल्ली फिरवून झाल्याचं निरंजनने सकाळीच कळवलं होतं.

ताराक्का घराच्या उंबऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "मला न्हाई वाईट वाटत," ती म्हणाली, पण वाटत होतं. "आज दुसरं कायबी शिजीवलं न्हाई. पिठलं केलंया, तेच फोनला सांगनार हाय."

"पिठलं तर तो पहिल्या फटक्यात ओळखेल. अक्का, आज फोन बंद करा. काही सांगूच नका, म्हणजे दरवाजा उघडणार नाही."

ताराक्काने मान वर केली. तिचे डोळे लाल होते. "आनी उद्या? परवा? रोज मी पातेलं लाथाडू? येऊ दे पानी. बघू दे समद्यास्नी."

कुस्त्यांचं मैदान रिकामं करा म्हणून गावाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पहिलवान तालुक्याहून आले होते. धोक्याच्या नावाने कुणी वर येणार नव्हतं. तेव्हा संध्याकाळी विसर्गाची वेळ जवळ आली तशी यामिनी भर मैदानात उभी राहिली आणि तिने पैज लावली.

"फक्त अर्धा तास सगळे घाटावर बसा. एकही माणूस वाळूत नको. पाणी आलं नाही तर मी डोहाईपुढे नाक घासेन, या गावात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"आनी मी गाव सोडंन," ताराक्का मागून म्हणाली.

भीतीने जे झालं नसतं ते पैजेने झालं. शहरातली बाई नाक घासते ते बघायला सगळं गाव हसतखिदळत घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलं. पहिलवानही लंगोटावर टॉवेल गुंडाळून वर आले. पोरंटोरं मोजून वर घेतली ती ताराक्काने, एकेकाच्या बखोटीला धरून. कुठेतरी भोंगा वाजला. कुणी तिकडे मानही वळवली नाही.

आधी काहीच नव्हतं. मग वळणापाशी वाळू काळी पडली, ओली झाल्यासारखी. ती ओल सरकत आली, तिला जीभ फुटली, आणि बघता बघता नदी आली. तिचा आवाजसुद्धा मोठा नव्हता. कालच्या चुलींचे दगड एकेक करून बुडाले. हलगीवाल्यांचा मांडव कलला आणि आडवा होऊन वाहायला लागला. आखाड्याची तांबडी माती क्षणभर पाण्यात लाल दिसली आणि मग तीही दिसेनाशी झाली. जिथे काल हजार माणसं पंगतीला बसली होती, तिथे आता पुरुषभर पाणी पळत होतं.

पायऱ्यांवर एका बाईने कडेवरचं पोर इतकं घट्ट आवळलं की ते रडायला लागलं. ताराक्काची सून उठली आणि सासूच्या मागे जाऊन उभी राहिली.

सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढली. "ताराक्का, चुकलं आमचं."

"मला नगा सांगू!" ताराक्का कडाडली. "काल सांगायचं हुतं. काल माज्या तोंडावर थुकला न्हाईसा तेवढंच!"

तेवढ्यात यामिनीचा फोन वाजला. निरंजन होता. "यामिनी, अगं कुठे आहेस तू? आज वेळूघाट पहिल्या फटक्यात, पिठलं! कालचा गोंधळ निस्तरला बघ. काही झालं नाही ना तिकडे? मी म्हणालोच होतो."

यामिनीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ताराक्काने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"सायेब, मी तारा मळगे, वेळूघाटची. उद्यापास्नं मी भाजी सांगनार न्हाई. बाकीच्या अठरा जणींस्नी आज राती मीच फोन करनार हाय, त्या बी सांगनार न्हाईत. मग तुमचं यंत्र काय वळखायचं ते वळखू दे." तिने बुडालेल्या वाळूकडे हात केला. "पानी सोडायचं असंल तर तुमी हितं यायचं. लेकरं घिऊन यायचं. ह्या वाळूत हुबं ऱ्हायचं, आनी मग त्येला म्हनायचं, उघड दार. याल का?"

पाणी घाटाच्या खालच्या पायरीला लागलं होतं. ताराक्काने उत्तरासाठी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.